हेस्कमचा बिनविरोध लीडर

रवि. १२ जानेवारी
आमच्या हेस्कम गावच्या पायपीट क्लबच्या आजच्या फेरीत बेरिल क्रॅडकनं दोनदा चहाला थांबवलं. दोनदा! स्वच्छ ऊन, पण थंडी अशी की नाक गळून पडावं, आणि ही लीडरबाई मेंढ्यांच्या कुरणात केक वाटत बसते. मी नकाशा उघडला तर म्हणाली, गॉडफ्री, आधी त्याची घडी घाल, लोणी लागतंय त्याला. तळपायाची आग मस्तकात गेली.
संकल्प : हिला हटवायची. लीडर मीच.

बुध. १५
सगळ्यांना फोन. माझा कार्यक्रम ऐकवला : वेग, शिस्त, गप्पा बंद. कर्नल पिम म्हणाले, विचार करण्यासारखं आहे हं. मिसेस टुली म्हणाल्या, बाई बाई, काय तुझा उत्साह! एकानंही नाही म्हटलं नाही. मतं खिशात.
बायकोला सांगितलं. विनी म्हणाली, अरे, आपल्याकडे तोंडावर नाही म्हणतं कोण? हिला राजकारण कळत नाही.

शनि. १८
पबमध्ये मीटिंग. बेरिलचे दोष वाचून दाखवले. सगळे बिअरकडे बघत होते. दोष संपेनात, तेव्हा तीच उठून म्हणाली, एवढी हौस आहे तर होऊ दे की गॉडफ्रीला लीडर. टाळ्या! जरा घाईनंच वाजल्या. बिनविरोध. बया हसत होती, पण आतून जळत असणार.

शुक्र. २४
नवे नियम दारोदार टाकले. चहा एकदाच, तोही उभ्यानं. कुत्री आणायची नाहीत.
संध्याकाळी मिसेस टुलींचा फोन : रविवारी त्यांना सर्दी होणार आहे. पिमचा गुडघाही नेमका रविवारीच दुखणार म्हणे. कमकुवत माणसं. गळलेली बरी.

रवि. २६, सकाळ
कडक ऊन, कडाक्याची थंडी. उत्तम! विनीचं डोकं दुखतंय, अंथरुणातच आहे. चर्चच्या फाटकाशी मी एकटा. वेळेवर यायचं नाही, ही बेरिलनंच लावलेली सवय.

रवि., दुपार
वाट बघून एकटाच निघालो. लीडरनं खोळंबायचं नसतं.
टेकडीवरून समोरच्या उतारावर माणसांची रांग दिसली. दुर्बीण लावली. पुढे बेरिल. पिम कुंपणावरून उडी मारत होता. मिसेस टुली गात होत्या. कुत्री मोकाट. शिस्तीच्या नावानं शंख. हलकट लेकाचे!
जोरात शिट्टी फुंकली. सगळे जागीच थबकले. म्हटलं, आहे अजून माझा वचक. तेवढ्यात सगळेच्या सगळे दगडी भिंतीआड वाकले.
एक लाल लोकरी टोपी तेवढी वर राहिली. विनीला नाताळात मीच आणून दिलेली. थोडा वेळ ती माझ्या दिशेला बघत होती. मग तीही खाली गेली.