नाव घातलेली कळशी

॥ श्री ॥
सांगली, ता. ४ जुलै १९९४

चि. नाथाजीस दादासोचा अ. उ. आशीर्वाद.

मणक्याचं ऑपरेशन नीट झालं, हे तुझ्या सौ. विजयमालाच्या कार्डावरून कळलं. जीव भांड्यात पडला. आता उठायची घाई नको. पडून पडून पोट तेवढं सुटू देऊ नकोस, नाहीतर गाडीच्या टाकीला टेकेल.

गाडीवरून आठवलं. दुकानाची फटफटी तुझ्या दारात नुसती उभी आहे, आणि तिकडं शेतकऱ्यांच्या पंपांच्या तक्रारी तुंबल्यात. मालक आपल्या मावसभावाला सूट देतो, असं कारागीर कुजबुजतात. माझे कान तुला ठाऊक आहेतच. नवा मेकॅनिक प्रबुद्ध सोमवारी येईल. गाडी आणि दुकानाचं जे काही असेल ते त्याच्याकडे दे. तात्पुरतंच समज.

पथ्य सांभाळ. आहे ती माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
दादासो

॥ श्री ॥
औंध, ता. १२ जुलै १९९४

ती. दादासो अण्णांस शि. सा. न.

प्रबुद्ध आला, गाडी घेऊन गेला. पोरगा गुणी आहे. चहा घेत नाही म्हणाला, ताक प्याला. बोलता बोलता म्हणाला, की मालकांनी औंधातच खोली बघायला सांगितलीय, कायमची.

दुकानाचं नाव जिथं जिथं दिसलं, ते सगळं विजयमालानं पोत्यात भरलं. हत्यारांची पेटी, रेनकोट, भिंतीवरचं घड्याळ. वास्तुशांतीला तुम्ही दिलेली तांब्याची कळशीही. तिच्या गळ्यावर दुकानाचं नाव घातलेलं आहे. विजयमाला चिडली नव्हती. एकेक वस्तू दाखवून हे त्यांचंच ना, असं विचारत होती. मी व्हय म्हणत होतो. कळशीतलं प्यायचं पाणी तिनं बादलीत ओतलं, ते मी पडल्या पडल्या ऐकलं.

मी उठल्यावर माझी जागा आहे का? एका ओळीत कळवा.

लोभ असावा, असं लिहायची सवय आहे, म्हणून लिहितो.
आपला,
नाथाजी

॥ श्री ॥
सांगली, ता. २६ जुलै १९९४

चि. नाथाजीस आशीर्वाद.

जागा भरली.

एका ओळीत मागितलंस, म्हणून तसं लिहिलं. तात्पुरतं म्हणालो, तेव्हाच ठरलेलं होतं.

कळशी माणसाबरोबर परत धाडली होती. विजयमालानं त्याला पाणी दिलं, बसवलं, आणि कळशी पुन्हा त्याच्याच हातात दिली. आता ती दुकानात माठाशेजारी आहे. कोणी तिच्यात पाणी भरत नाही, मीही सांगत नाही.

काल दुपारी फाटकाशी गाडी वाजली. तिचा आवाज मला दुकानात बसून कळतो. कानांनी ऐकलं आणि तोंडानं दोन चहा सांगितले. आत आला तो प्रबुद्ध. दोन्ही कप गार झाले, मग चहावाल्या पोरानं उचलून नेले.

तब्येतीचं कळवत जा. कार्डावर चार अक्षरं चालतील.
दादासो