पदराआडची ओळख

साहेब,

पत्राला फार उशीर झाला, माफ करा. तुम्ही जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसलोय. सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

इस्लामपुरात तुमच्या नोटरीच्या कचेरीत मी कारकून होतो, ते साठ-पासष्टच्या सुमाराला. तुमचा नेम ठरलेला होता. सही करणारा समोर हवा, त्याला ओळखणारा दुसरा माणूस हवा, दोघांच्या सह्या नोंदवहीत हव्यात, मगच शिक्का. एकदा एक जण आईचा अंगठा कागदावर घरूनच उठवून घेऊन आला. "आई आजारी हाय साहेब, अंगठा तिचाच हाय." तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. "अंगठा आला, आई कुठाय?" "आवं, अंगठा काय खोटं बोलतोय व्हय?" "तो बोलतच नाही. म्हणून आईला आण." मला हसू आलं, तर माझ्यावरच डाफरलात. "हसतोस काय? शिक्का चुकीच्या कागदावर पडला तर म्हातारी रस्त्यावर येईल."

एवढं ऐकूनही मी चुकलो. आमच्या मलकापूरचा, भावकीतला एक थोरला माणूस आला. बरोबर त्याची विधवा भावजय. तिच्या वाटणीचं रान विकायचा अधिकार ती दिराला देत होती. थोरला दीर समोर, म्हणून पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला. कागदात काय लिहिलंय कळलं का, असं तुम्ही विचारलंत. पदराआडून "व्हय" आलं. मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "तू ओळखतोस यांना?" भावकीतल्या बाईला पदर वर करा असं कसं म्हणायचं? दीर माझ्याकडे बघून म्हणाला, "सांग की रं, घरचंच माणूस हाय." मी हो म्हणालो आणि सही केली. माझ्या सहीवर विसंबून तुम्ही शिक्का मारलात. मी ओळखलं होतं ते फक्त दिराला.

रान विकलं गेल्यावर मी गावी गेलो होतो. त्यांच्या दारावरून जाताना ती विधवा शेजारणीला सांगत होती, "म्या सही दिली म्हणं. आगं, इस्लामपूर कवा बघितलंबी न्हाई म्या." म्हणजे त्या दिवशी पदराआड दुसरीच कुणी होती. मी थांबलो नाही, खाली मान घालून पुढं गेलो. तुम्हाला सांगायचं ठरवून परत आलो, तर तुम्ही अंथरुणाला खिळलेले. म्हटलं, बरे झालात की सांगू. तुम्ही उठलाच नाहीत.

आता त्या बाईच्या नातीनं कागदाची नक्कल काढलीय. परवा तिचा फोन आला. "आजोबा, ओळख देणारे तुम्हीच ना? आजी मरेपर्यंत लोकांच्या रानात खुरपत होती. कुणीतरी खरं सांगावं, एवढंच हाय." सोमवारी येते म्हणाली. खरं सांगावं, तर माझ्या सहीखाली तुमची सही आहे. लोक म्हणतील, नोटरी वकीलबी सामील होता. न सांगावं, तर पोरीच्या तोंडाकडे बघायचं कसं? दोन दिवस जेवण गोड लागत नाही.

पत्र टाकायचं कुठं, तेही कळत नाही. फोनवर तिला मी म्हणालो, आठवत नाही. खोटं बोललो, साहेब. सगळं आठवतंय. सोमवारच्या आत काय ते कळवा.