दुहेरी काचेपलीकडची हाक

विजयदुर्ग, १९ जुलै, संध्याकाळ

शेजारची सुलूकाकी आज सकाळी गेली. तिची खिडकी आणि माझ्या स्वयंपाकघराची, मध्ये फक्त पाणंद. मी लग्न होऊन आले तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला तिथून हाक यायची, "जेवलंस गो?"

जुन्या लाकडी झडपांतून पाऊस आत यायचा, भिंती ओल धरायच्या. म्हणून मे महिन्यात दुहेरी काचेच्या खिडक्या बसवल्या. इतक्या घट्ट की पाऊस दिसतो, पण ऐकू येत नाही. किती खूश होते मी! काकीची हाक थांबली, हे जाणवलं होतं. वाटलं, पावसात लवकर निजत असेल. एकदा पलीकडे जाऊन विचारायला काय झालं होतं मला?

आज तिची सून म्हणाली, "आई रोज खिडकीत उभी रवान तुका हाक मारी. तू आपली भाकरी थापतस, वर बघणस नाय. शेवटाक माका विचारी, माजा काय चुकला गो?"

माजा काय चुकला. दिवसभर तेच कानात.

मघाशी ती खिडकी सताड उघडली. पाऊस आत आला, ओटा भिजला. भिजू दे.

नाय गो काकी, अजून जेवूक नाय मी.