टोपली विहीणबाईंना

लिहून ठेवणारी मी, तंबू आणि दुकानांपुढची कापडी छते शिवणारी, वय वर्षे एकाहत्तर, राहणार आपल्याच कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. सकाळचा चहा घेऊन, डोके ताळ्यावर असताना, कोणी धाक न घालता आणि कोणी भरीस न पाडता, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय करायचे ते या कागदावर सांगत आहे. डोके ताळ्यावर असल्याचा उल्लेख वकीलबाईंनी मुद्दाम करायला लावला, कारण सही रविवारच्या सहलीत होणार हे त्यांना कळले. त्यांची अट अशी की सही आधी आणि ग्लास नंतर. मला मान्य आहे.

येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. सर्जन म्हणाले, काळजीचे कारण नाही; पण म्हणताना ते खिडकीकडे बघत होते. मी जन्मभर गिऱ्हाइकांना 'गळणार नाही हो' असे सांगत आले आहे, त्यामुळे तो सूर मी ओळखते. म्हणून हा खटाटोप. त्यातही घर आणि पैसा यांचे ठरवायला मला पाच मिनिटे लागली. झोप उडाली ती सहलीच्या टोपलीपायी, म्हणजे कलम सातपायी.

कलम एक. खालचा कारखाना आणि वरच्या दोन खोल्या माझ्या लेकीला. कापड बेतायचे लांब टेबलही तिलाच. ते भिंती उभ्या राहण्याआधी आत आणले होते आणि आता दारातून निघत नाही. रस्त्याकडच्या खिडकीतून पावसाळ्यात पाणी येते. तंबूवालीच्या घरात गळती, ही गोष्ट चार लोकांत बोलू नये.

कलम दोन. बँकेत आहे तेही लेकीचे. फार नाही, उगाच मनात मांडे खाऊ नयेत. आमच्या ह्यांनी आणि मी कमावले त्यातले बरेचसे झाडाखाली बसून पिऊन टाकले आणि मला त्याचे तसूभरही वाईट वाटत नाही. हे जमीन मोजणीच्या खात्यात होते. कुठल्या टेकडीमागे दुपारची सावली पडते, नदीच्या कुठल्या वळणावर सपाट खडक आहे, हे त्यांना तोंडपाठ. जागा ते निवडत, बाटली मी निवडे. लग्नात कोणी वाटणी करून दिली नव्हती, पण शेवटपर्यंत ती मोडली नाही.

कलम तीन. दोन्ही शिलाई मशिनी, दाभणे, मेणाचा दोरा आणि पितळी कड्या ठोकायचे यंत्र कारखान्याबरोबरच राहील. काळ्या मुठीच्या कात्रीने कागद कापू नये. लेकी, हे तुलाच सांगते आहे, दुसऱ्या कोणाला नाही.

कलम चार. वाइनचे लांब दांड्याचे काचेचे ग्लास माझ्या धाकट्या दिरांना. भावजींना ते फार शोभतात. ग्लासात नाक घालून ते इतका वेळ बसतात की बाकीच्यांचे जेवण होते. एकदा म्हणाले, "वहिनी, हिला जुन्या चामड्याचा वास आहे बरं का, आणि मागून ओल्या मातीचा." मी म्हटलं, "भावजी, ते तुमचे बूट आहेत, चटईवरून काढा आधी." ओढ्यातून चालत आले होते! आम्ही बाकीचे जाड बुडाच्या साध्या पेल्यांतून पितो. ते गवतात कलंडत नाहीत.

कलम पाच. जावईबापूंना माझी घडीची खुर्ची आणि चीजचा पहिला तुकडा, कायमचा. गाडी तेच चालवतात, म्हणून वाइनचा थेंबही घेत नाहीत आणि कधी कुरकुर करत नाहीत. असा जावई मिळायला भाग्य लागते, हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटले नाही. तोंडावर म्हटले की जावई चढून बसतात.

कलम सहा. बाटल्यांचे कॅनव्हासचे अंगरखे सर्वांचे सामाईक. माझ्या धंद्यातून मला सुचलेली ही एकच गोष्ट मला स्वतःला आवडते, म्हणून नीट सांगते. बाटलीला जाड कॅनव्हासचा अंगरखा घालावा, गळ्याशी दोरी आवळावी, नदीत बुचकळून वाऱ्यावर फांदीला टांगावी. कापड वाळता वाळता बाटली गार होत जाते. बर्फ वाहून नेणाऱ्यांची मला कीव येते. शिवाय अंगरख्याखाली बाटलीवरचे लेबल दिसत नाही. किंमत आणि साल वाचले की माणसाची जीभ खुशामत करू लागते. म्हणून बाटली रिकामी होईपर्यंत अंगरखा उतरवायचा नाही, ही आमची रीत आहे.

आणि बाटली घरून ठरवून निघायचे नाही. वेगवेगळ्या तीन न्याव्या, जागा बघावी, मग निवडावी. डोक्यावर ऊन असेल तर दणकट लाल उघडू नये, काढ्यासारखी लागते. वारा सुटला असेल तर नाजूक सुगंधाची फुकट जाते, सुगंध शेजारच्या शेतात. पाण्याकाठी आंबटसर पांढरी. चढण चढून आल्यावर गुलाबी, कारण तेव्हा सगळेच तहानलेले असतात आणि कोणी शहाणपणा करत नाही. गोड वाइन गांधीलमाश्यांना आपल्याआधी सापडते. फिरकीच्या झाकणाला नाक मुरडू नये. बूच काढायचा स्क्रू घरी राहिला तेव्हा ह्यांनी बाटलीचे बूड बुटात घालून झाडावर इतके ठोकले की बूच निघाले, पण त्याच्याबरोबर निम्मी वाइनही गेली. उरलेली मात्र अमृतासारखी लागली.

कलम सात. वेताची टोपली माझ्या विहीणबाईंना, म्हणजे जावईबापूंच्या आईंना.

टोपली ज्याच्याकडे, बाटली निवडायचा हक्क त्याचा. आजवर तो माझा होता. माझ्या निवडीला "चूक!" म्हणायची हिंमत एकट्या विहीणबाईंची. त्या मुख्याध्यापिका होत्या. चूक दिसली की त्यांना राहवत नाही. आम्ही फांदीखाली उभ्या राहून तावातावाने भांडायचो, बाकीचे भुकेने कळवळायचे, आणि शेवटी जी उघडायची ती अचूक असायची. दोन उन्हाळे झाले, त्या सहलीला आलेल्या नाहीत. माझ्याशी बोलतही नाहीत. टोपलीची वाटणी माझ्या मनाला लागून राहिली ती एवढ्यासाठी.

झाले ते असे. त्या दिवशी त्यांनी एक लाल बाटली आणली. "जरा बरी आहे," इतकेच म्हणाल्या. मी तिला अंगरखा घातला. दुसरी एक लाल मी आणली होती, स्वस्तातली, नासपतीच्या फोडी मुरवायला. दोन्ही एका फांदीला टांगल्या. अंगरखे एकाच ठाणातले, रंग एक, शिवण एक. मी एक उतरवली आणि फोडींवर ओतली, दुसरी पेल्यांत भरली. विहीणबाईंनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "बघा, इतकी वर्षं थांबल्याचं चीज झालं." भावजींनी तर दहा प्रकारचे वास सांगितले. मग बाटल्या संपल्या, अंगरखे उतरले. आम्ही सगळे नासपतीवाली प्यालो होतो, आणि विहीणबाईंची बाटली फळांनी पिऊन टाकली होती.

मी पोट धरधरून हसले. सगळेच हसले. विहीणबाई म्हणाल्या, "मुद्दाम केलंत तुम्ही."

"अहो, मुद्दाम करायला मला काय वेड लागलंय?" मी म्हटलं, पण हसतच. त्या उठल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

रात्री लेकीचा फोन आला. "आई, ती बाटली सासऱ्यांनी घेऊन ठेवलेली गं. निवृत्त झाले त्या दिवशी. ते गेले आणि ती राहिली. तुमच्यात बसून उघडायची म्हणून सासूबाईंनी ती कपाटातून काढली होती."

मी विहीणबाईंना फोन केला, त्यांनी उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा तेच. मग माझेही डोके फिरले. न केलेल्या गुन्ह्याची माफी किती वेळा मागायची? लेक दोघींच्या मध्ये. इकडे आई, तिकडे सासूबाई. बिचारीची अवस्था इकडे आड तिकडे विहीर. आता मरणाच्या कागदावर खोटे लिहून मला काय मिळणार? म्हणून लिहिते की मी मुद्दाम केले नाही. ती बाटली कोणाची होती हे ठाऊक असते तर मी तिच्यापाशी पहारा केला असता. आणि विहीणबाई, मला तुमची फार आठवण येते. तुमच्याशिवाय मी निवडलेल्या बाटलीला सगळे "छान, छान" म्हणतात. असल्या कौतुकाने वाइनची चव जाते.

सबब टोपली त्यांना, एका अटीवर, की दर कोरड्या रविवारी त्यांनी ती घेऊन सगळ्यांबरोबर बाहेर पडावे. त्या नाही म्हणाल्या तर टोपली भावजींकडे जाईल. मग बसा उन्हात कढत लाल वाइन पीत आणि बुटांचे वास ऐकत. देव तुमचे भले करो. हे कलम मी गेल्यावरच विहीणबाईंना वाचून दाखवावे. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी नकार दिलेला मला सोसणार नाही.

कलम आठ. माझ्यामागे पडदे ओढून घरात बसू नये. माझ्याबद्दल चांगले बोलायचे असल्यास उघड्यावर बोलावे, आणि बेताने.

पुरवणी, माझ्या स्वतःच्या हाताने, सहीच्या दिवशी, नदीकाठी.

माझ्या लेकीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मी लिहिताना विसरले होते. आज गाडी थांबली, मागचे दार उघडले आणि विहीणबाई उतरल्या. सरळ चटईवर येऊन बसल्या आणि कलम सात वाचायला मागितले. वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी नदीकडे पाहिले. विहीणबाईंनी ते दोनदा वाचले आणि एके ठिकाणी विरामचिन्ह दुरुस्त केले.

मी सही केली. सहलीला आलेल्या आमच्या शेजाऱ्यांनी, दाताच्या डॉक्टरांनी, साक्ष घातली. दुसरी साक्ष वकीलबाई स्वतः घालणार होत्या. पेन त्यांच्या हातातच होते.

"आणा इकडे," विहीणबाई म्हणाल्या. "मी घालते."

"अहो, नको, नको!" वकीलबाई घाईने म्हणाल्या. "मृत्युपत्रात ज्याला काही मिळणार, त्याने साक्षीची सही करायची नसते. केली तर मृत्युपत्र टिकतं, पण त्याची देणगी रद्द होते. टोपली जाईल तुमची."

"अस्सं?" विहीणबाई म्हणाल्या. "मग तर आणाच."

आणि त्यांनी सही केली, फळ्यावर करावी तशी मोठ्या अक्षरात. मी रडत होते, हे लिहायला लाज वाटत नाही. त्या मला म्हणाल्या, "वारा बघितलात का केवढा सुटलाय? आणि फांदीला ती नाजूक पांढरी कुणी टांगली? चूक!"

स्थळ: नदीचे वळण, सपाट खडकाशेजारी.
दिनांक: सप्टेंबरचा पहिला रविवार, पहिला पेला भरण्यापूर्वी.

मृत्युपत्र करणारी: तंबूवाली.

साक्षीदार १: दाताचे डॉक्टर. बाई माझ्यासमोर शुद्धीत सही करत्या झाल्या. आता जेवायला वाढावे.

साक्षीदार २: विहीण. मेलेल्या माणसाकडून मला टोपली नको. गुरुवारी दवाखान्यात मी बाहेर बसलेली असेन, आणि बाई उठून चालू लागल्या की टोपलीचा एक कान त्यांनी धरावा, एक मी धरेन.