खरा फ्रेंच कोण?

१० जानेवारी २०२१, ओंगार
आयर्लंडभर पुन्हा लॉकडाउन, घरापासून पाच किलोमीटरची हद्द. बायकोची, शुभदाची, नोकरी दूर वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात, मुलगी स्वानंदी तिच्याजवळ. मी इथे, कारण माझं ऑफिस चेरीवूडला. ते गेल्या मार्चपासून बंद आहे, पण अचानक बोलावलं तर?
संकल्प: मराठी भाषा दिनाला मंडळाच्या झूमवर व्याख्यान. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचा उदार राष्ट्रवाद टोकाचा कसा झाला. स्वानंदीला शाळेत इतिहास आवडतो. फोनवर ती फक्त ‘ग्रँड’ म्हणते, म्हणजे इकडच्या बोलीत ‘ठीक’. व्याख्यान ऐकून नक्की बोलेल.

२४ जानेवारी
अठरा पुस्तकांची यादी केली. वाचून झालं दीड. गाभा मात्र हाती आला. क्रांतीच्या काळात, जो कायदा मानेल तो नागरिक. मग १८७०ला जर्मनांकडून हार, दोन प्रांत गेले. शतक संपताना काही जण म्हणू लागले, ज्याचे पूर्वज या मातीत पुरलेत तोच खरा फ्रेंच. एका ज्यू कॅप्टनला खोट्या पुराव्यावर हेर ठरवलं, त्यातही हेच लोक पुढे.
केवढा कोतेपणा! मी कुठे असा वागतो का, प्रामाणिकपणे तपासलं. नाही.

६ फेब्रुवारी
मंडळाचा सेक्रेटरी चंद्रहास. त्याला अट सांगितली: प्रश्न फक्त मराठीत. तो म्हणाला, अहो, इथल्या पोरांना मराठी समजतं, बोलतंय कोण? तुमची तरी बोलते का? मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. म्हणाला, बरं साहेब, तुमचंच व्याख्यान, तुम्हीच पोलीस.
ही अट कोती तर नाही? अर्धा तास विचार केला. नाही. भाषा शिकता येते, पूर्वज बदलता येत नाहीत. फरक मूलभूत आहे. व्याख्यानात घालावा.

२० फेब्रुवारी
शुभदाला लिंक आणि व्याख्यानाचा गोषवारा पाठवला. ती म्हणाली, ऑफिस बंद आहे तर लॅपटॉप घेऊन इकडेच ये ना. स्वतःच्या घरी यायला कोण अडवणार? म्हटलं, संदर्भाची पुस्तकं इथे आहेत.
पास्ता. सलग चौथा दिवस.

२७ फेब्रुवारी, संध्या. ७
यशस्वी! एकोणीस जण. शेवटपर्यंत अकरा.
प्रश्नोत्तरांत एक गंमत. कुणी आयरिश मुलगी चुकून आत आली. कॅमेरा बंद, नाव नुसतं ‘आयफोन’. भराभर इंग्रजी, उच्चार अस्सल इकडचे. मी शांतपणे म्हणालो, ‘मराठीत, प्लीज.’ ती पुन्हा बोलू लागली. मी पुन्हा तेच. मग गेली. चंद्रहासला म्यूट करावंच लागलं नाही.
स्वानंदी आली नाही. वाईट वाटलं नाही. अभ्यास असेल.

२८ फेब्रुवारी
सकाळी शुभदाचा फोन. काल ती स्वानंदी होती.
आठवडाभर प्रश्न कागदावर लिहून बसली होती म्हणे. पुरलेल्या पूर्वजांवरून देश ठरत असेल, तर आपण माणसं जाळतो. मग मी कुठली?
टिपणं पहिल्यापासून चाळली.
शुभदाला म्हटलं, खरंच सांगतो, मला आवाज ओळखू आला नाही.
ती म्हणाली, हे तिला सांगू नकोस. नियम म्हणजे नियम, असं सांग.
तसंच सांगितलं.