कुंपण नसलेलं गाव

दिघाशी, ता. भिवंडी
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

प्रिय भूपेशदादा,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, आईचा गुडघासुद्धा. भात अर्धा कापून झाला. हे पत्र कुमारच्या टेम्पोतून काल्हेरला येतंय. फोन केला असता, पण बाबांचं नाव निघालं की तुझी रेंज जाते.

भाऊबीजेला तू घरी आला नाहीस, म्हणून ओवाळायचं ताट घेऊन मीच तुझ्या खोलीवर आले. ओवाळणीत तू जुना लॅपटॉप दिलास आणि वर काम लावलंस, "कंपनीत दिवसभर गेम तपासून माझी नजर मेली आहे. ह्यातल्या दोन्ही गेम तू खेळून बघ आणि खरं ते लिही." तर खरं लिहिते.

राज्य वसवायच्या गेममध्ये डोकं लागतं, हे मान्य. पण माझं मन लागलं नाही. सगळं वरून दिसतं, घारीला दिसावं तसं. शेतकरी मुंगीएवढे, आणि एकालाही नाव नाही. टेहळणीला पाठवलेला माणूस मेला की बारीक टिंग वाजतं, आपण दुसरा पाठवतो. पदवीला राज्यशास्त्र घेतलं ते हे शिकायला नाही.

एक पात्र होऊन फिरायची गेम मात्र आवडली. राजवाड्याला आग लागलेली असताना मी आधी एका म्हातारीची हरवलेली शेळी शोधून दिली. पण राजवाडा माझ्यासाठी जळायचा थांबला, हे पटलं नाही. आपण येईपर्यंत तिथे काहीच बिघडत नाही. शिवाय बोलण्याआधी तीन वाक्यं समोर येतात. एक निवडायचं, चुकलं तर मागे जाऊन दुसरं. दिपालीच्या हळदीत बाबा सगळ्या भावकीसमोर तुला म्हणाले, "गोदामातली सुपरवायझरी सोरून खेलनी खेलाला चाललाय," तेव्हा त्यांच्यासमोर तीन वाक्यं कुठे होती? आणि तू जेवणावरून उठलास, तेव्हा तुझ्यासमोर?

हे लिहायचं नव्हतं. आता खोडत नाही.

मुख्य बातमी वेगळीच आहे. बाबा राज्याची गेम खेळतात.

मी सैन्य जमवत होते. मागून आवाज आला, "भात कापाला आलाय नि तू मानसं लढाईला धाडतंस? ग्रॅज्युएट न तू?" मग खुर्ची सरकवून स्वतःच बसले. सगळे सैनिक शेतावर लावले. नदीकाठ हिरवागार केला. मी म्हटलं, गावाला कुंपण घाला, नाहीतर शत्रू येईल. तर म्हणाले, "कुंपन घातल्यावर शेजाऱ्याची गुरं कुठून जातील?"

शत्रू आला. सगळं जळलं. मी आधीची सेव्ह केलेली गेम उघडून दिली, तर माझ्यावरच चिडले. "जललेलं शेत असं परत येतं? ही लबाडी हाय." पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा कुंपणाशिवाय. पण आता शेतकऱ्यांना नावं आहेत. गोदामामागे उभा राहतो तो केसरीनाथ, "कामचुकार हाय, पन राहूदे." आई चहा द्यायला आली की आधी केसरीनाथची चौकशी करते.

परवा नदीच्या पलीकडे घोडेस्वार दिसले. बाबांचा हात थांबला. मग म्हणाले, "ह्यातला जानकार कोनी हाय का तुझ्या वलखीचा?"

"आहे एक," मी म्हटलं.

"त्याला वेल असंल?"

"विचारते."

"विचार. न्हाय म्हनाला तर न्हाय. पन तो आल्याबिगर कोनी हात लावाचा न्हाय."

दादा, त्यांनी माफी मागितलेली नाही. मागतील असंही मी लिहीत नाही, तू खरं लिहायला सांगितलंस. पण भात झोडायचं सोडून माणूस दुपारी घरात येतो, पडद्यावर अजून सगळं आहे ना ते बघतो आणि परत जातो. मी गेम तिथेच थांबवून सेव्ह केली आहे, पण त्यांचा त्यावर विश्वास नाही. म्हणून लॅपटॉप उघडाच ठेवलाय, चार्जर लावून. धूळ बसू नये म्हणून आई त्यावर तिचा धुतलेला रुमाल टाकते.

घोडेस्वार अजून पलीकडेच आहेत. येत्या रविवारी तुला सुट्टी असेल ना?

वाट बघणारी तिघं, सही करणारी एक,
तुझी रुचिका