वंशावळीत नसलेली मुलगी

पप्पा, शेवटचा भाग आला. सातवा! तुम्ही गेल्यावर अकरा वर्षांनी का होईना, पण आला. काल गंगापूर रोडच्या दुकानातून फोन आला तशी मी डोकं दुखतंय सांगून ऑफिसला दांडी मारली आणि दुकानाच्या पायरीवरच पुस्तकाचं प्लास्टिक दातांनी फाडलं. चाळिशीची बाई! आज दुपारी पुस्तक संपलं आणि तेव्हापासून मी घरभर येरझाऱ्या घालतेय. आई म्हणते, "गोष्टीतल्या पोरीसाठी जेवण सोडतं का कुणी?" तिला काय सांगू? हे फक्त तुम्हालाच सांगण्यासारखं आहे.

तुम्ही कॉलेजच्या लायब्ररीत शिपाई. पहिला भाग आला तेव्हा उघडल्या उघडल्या नकाशा दिसला, पुढच्या पानावर राजघराण्याची वंशावळ दिसली, म्हणून तुम्ही तो खुशाल इतिहासाच्या कपाटात लावून टाकलात. महिन्याभराने ग्रंथपाल मॅडमच्या ते लक्षात आलं. "अहो, यात ड्रॅगन उडतायत! कुठल्या शतकात उडत होते हो?" सगळ्या स्टाफपुढे बोलल्या त्या. तुम्ही ओशाळलात, पण आपलं चुकलं कुठे ते बघायला पुस्तक शनिवारी घरी आणलंत आणि आपण दोघं कामातून गेलो. मी आठवीत. आई भाकरी थापतेय, तुम्ही ओट्याला टेकून मोठ्याने वाचताय, ड्रॅगन आला की आवाज चढवताय. डोंगरातला जो दरवाजा एकाही राजपुत्राला उघडत नाही, तो नावाड्याची पोर उघडते. तुम्ही घाईने पानं उलटून वंशावळीवरून बोट फिरवलंत. "हिचं नाव हाय का कुठं? नाय! वंशावळीत नाय अन् दरवाजा हिनंच उघडला. लय भारी!" पुढे प्रत्येक नवा भाग आला की आपण आधी वंशावळ तपासायचो. तिचं नाव नाही ना, मग निवांत वाचायला बसायचं.

बारावीनंतर माझ्या जातपडताळणीचा फॉर्म भरत होतो, त्यातही वंशावळ. सगळ्यात वर लिहायचं होतं 'मूळ पुरुष'. तुम्ही माझ्या पणजोबांचं नाव लिहिलंत आणि पेन थांबलं, कारण त्याच्या वरचं कुणालाच माहीत नव्हतं. मी चिडून म्हणाले, लोकांच्या कशा दहा-दहा पिढ्या असतात, आपलंच काही कसं नाही? तुम्ही एरवी माझ्यावर कधी आवाज चढवला नाहीत. त्या दिवशी पेन टेबलावर आपटलंत. "तू बारावी पास झाली ती पणज्याच्या नावावर झाली का? त्या नावाड्याच्या पोरीकडनं हेच शिकली?" मग तुम्हीच हसलात. म्हणालात, "बघ तू, शेवटच्या भागात हिलाबी राजाची पोर करून टाकतील. लोकांना तसंच आवडतं." मी म्हणाले, शक्यच नाही. मिसळीची पैज लागली.

पप्पा, जिंकलात तुम्ही. या वेळी मी वंशावळ आधी बघितलीच नाही, बघवेना. चारशे बाराव्या पानावर म्हातारा राजा मरायला टेकलाय, तो तिच्या दंडावरचा डाग बघतो आणि म्हणतो, तू माझी हरवलेली लेक! डाग? मी सहाही भाग खाली काढून शोधला, कुठेही डाग नाही. आणि म्हणे तो दरवाजा रक्त ओळखून उघडला होता. म्हणजे तिने तीन हिवाळे बसून शिकलेली दगडांची भाषा, हातांची सालटी निघाली ती, सगळं वाया. आणि नावाडी? ज्याने तिला खांद्यावर बसवून पुरातून काढलं, त्याच्या वाट्याला एक ओळ: त्याचा यथोचित सन्मान करण्यात आला. यथोचित! तुमच्या निरोपसमारंभात शाल-नारळ देताना माइकवर तुमचं नाव चुकीचं वाचलं होतं आणि तुम्ही तरीही हात जोडून उठला होतात, ते डोळ्यांपुढे आलं आणि मी पुस्तक भिंतीवर फेकलं. मग उचललं, पुसलं. नव्या वंशावळीत राजाखाली तिचं नाव छापलंय, ते पेन्सिलने खोडलं. पुस्तकात रेघ मारलेली तुम्हाला खपायची नाही, माहीत आहे. तरी खोडलं आणि फार बरं वाटलं.

आता हा कागद कुठल्या पाकिटात घालू? वहीतच राहील. पण लिहितेच आहे तर तेही लिहिते, जे आईलाही सांगितलेलं नाही. ते चारशे बारावं पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला नव्हता. राजा 'माझी लेक' म्हणाला आणि मला आनंद झाला, पप्पा. डोळे भरून आले. चांगली दोन पानं मी राजाचीच पोर होते. तुमची आठवण तिसऱ्या पानावर आली.